चिकुनगुनिया : कार्यकारणभावाचा एक धडा

दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर केले की दुःखाचा निरोध होतो, ही तथागतांची शिकवण आहे. ती केवळ विहारातील वंदनेपुरती नसून घरातल्या रांजणालाही लागू पडते, हे एका तापाच्या इतिहासावरून सांगण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

‘चिकुनगुनिया’ हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला. १९५२ साली टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, या तापाची साथ आली. सांधेदुखीने माणूस वाकतो, म्हणून हे नाव पडले. नावात ‘चिकन’ ऐकू आले, तरी कोंबडीशी त्याचा संबंध नाही. भारतात १९६३ साली कलकत्त्यात व १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे मोठ्या साथी आल्या. पुढे तीन दशके हा आजार विस्मरणात गेला. २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ साली देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्रालाही त्याची मोठी झळ बसली.

हा विषाणू ‘अल्फाव्हायरस’ गटातला आहे. याच गटातील काही विषाणू अमेरिका खंडात पक्ष्यांमध्ये वावरतात आणि डासांमार्फत घोड्यांच्या व माणसांच्या मेंदूला सूज आणतात; त्यात घोडे मोठ्या प्रमाणावर दगावतात. आफ्रिकेच्या जंगलात चिकुनगुनियाचा विषाणू माकडांमध्ये आढळतो. आपल्याकडच्या साथींत मात्र तो माणसाकडून डासाकडे व डासाकडून पुन्हा माणसाकडे जातो. म्हणून गोठ्यातल्या जनावरांना दोष देण्यात अर्थ नाही.

तो वाहून नेणारा एडिस डास दिवसा चावतो. त्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. गटारापेक्षा रांजण, टाकी, कूलर, जुने टायर यांतले साठलेले स्वच्छ पाणी त्याला मानवते. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारणतः आठ-दहा दिवस लागतात. भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भांडे आतून घासावे लागते.

या तापाने मृत्यू क्वचितच होतो. पण सांधे आठवडे, कधी महिनेही धरलेले राहतात. पावसाळ्यानंतर, ऐन सोयाबीन सोंगणीच्या व कापूस वेचणीच्या दिवसांत ज्याची मूठ मिटत नाही, त्या मजुराची रोजी बुडते आणि मुलाच्या वह्या-पुस्तकांचा पैसा औषधात जातो.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावरचा आपला मानवी हक्क बजावला. आज नळ रोज येत नाही म्हणून आमच्या वस्त्यांत पाणी साठवावे लागते. नियमित पाणी मागणे हा आपला हक्क आहे आणि तो मागत राहिलेच पाहिजे. परंतु तोवर साठवलेले पाणी झाकून ठेवणे आपल्याच हाती आहे.

कामरगावच्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासावीत व कोरडी करावीत. टाकीचे झाकण घट्ट बसवावे; कूलर बंद करताना त्यातले पाणी काढावे. ताप आल्यास रक्त तपासून घ्यावे. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत अ‍ॅस्पिरिनसारखी वेदनाशामके घेऊ नयेत. पहिला आठवडाभर रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे. त्याला चावलेला डासच पुढच्या माणसापर्यंत रोग नेतो. वसतिगृहात शेकडो मुले एका छताखाली राहतात, तेथे एका टाकीचे उघडे झाकण साऱ्यांना भोवू शकते.

गंडा-दोरा बांधून डास थांबत नाही. कारण ओळखून ते दूर करणे, हाच धम्माचा मार्ग आहे आणि तोच विज्ञानाचाही.

जय भीम!