नाव दिसते, फाईल कोठे आहे?

सरकारी नोकरीतील बदल्यांमुळे माझ्या घरातील कागदांनी माझ्याइतकाच प्रवास केलेला आहे. साताऱ्याहून निघालेली एक पत्र्याची पेटी नागपूर, दिल्ली असे मुक्काम करीत शेवटी लखनौला आली. प्रत्येक मुक्कामात तिच्यातील एखादा कागद गहाळ व्हावा, असा जणू नियमच ठरून गेला होता. म्हणून काही वर्षांपूर्वी महत्त्वाचे सारे कागद स्कॅन करून त्यांच्या पीडीएफ फायली मी ‘क्लाउड’वर ठेवल्या आणि एक टॅब्लेट विकत घेतला. आता पेटी आपल्या हातातच आली, अशी माझी समजूत झाली. ती समजूत किती अपुरी होती, ते गेल्या पावसाळ्यात कळून आले.

माझ्या वृद्ध मातोश्री तेव्हा आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्यांना हृदयविकार आहे. एके दिवशी छातीत धडधड होऊ लागली, म्हणून त्यांना हजरतगंजमधील एका डॉक्टरांकडे नेले. तपासणीची खोली इमारतीच्या तळघरात होती. डॉक्टरांनी पूर्वीचा अहवाल मागितला आणि रक्त पातळ करण्याच्या औषधाचे प्रमाण विचारले. मी मोठ्या विश्वासाने टॅब्लेट काढला. यादीत अहवालाचे नाव स्पष्ट दिसत होते. नावावर बोट ठेवताच पडद्यावर एक वर्तुळ फिरू लागले आणि ते फिरतच राहिले. “नाव दिसतंय म्हणतोस, मग उघडत का नाही रे?” मातोश्रींनी विचारले. उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्यांना तेथेच बसवून मी जिने चढून रस्त्यावर आलो, आणि तेथे तीच फाईल अर्ध्या मिनिटात उघडली. अनर्थ काही झाला नाही. परंतु हिंदी जेमतेम समजणाऱ्या मातोश्री तेवढा वेळ परक्या लोकांत घाबरून एकट्या बसल्या होत्या. हे ज्या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे घडले, ती गोष्ट आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

हजरतगंजच्या टोकाला घड्याळाचा मनोरा असलेले मोठे पोस्ट आहे. काकोरीचा खटला ज्या रिंग थिएटरमध्ये चालला, त्याचीच ही जागा. समजा, या पोस्टात आपले एक पार्सल आले आहे आणि पोस्टमन तशी चिठ्ठी घरी देऊन गेला आहे. चिठ्ठीवर आपले नाव असते, पार्सलाचा क्रमांक असतो. तरीही पार्सल उघडावयाचे तर ते पोस्टातून आणलेच पाहिजे, आणि वाटेत पाणी तुंबले की चिठ्ठी हातात असूनही उपयोग नाही. क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे. दूरच्या कोठल्या तरी शहरात, मुद्दाम थंड राखलेल्या दालनांत रात्रंदिवस चालणारी ती संगणकयंत्रे होत. टॅब्लेटवर दिसणारी यादी ही तेथून आलेली चिठ्ठी. फाईल तिकडेच असते आणि आपण बोट ठेवल्यावर इंटरनेटच्या वाटेने येऊ लागते. तळघरात ती वाट बंद होती, एवढेच.

वस्तुतः पीडीएफ हा प्रकार उघडण्यास अवघड नाही. अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली तो प्रचारात आणला आणि २००८ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. पानाची मांडणी आणि बहुधा अक्षरांचे वळणही फायलीतच बांधलेले असल्यामुळे साताऱ्यात केलेले पान लखनौच्या टॅब्लेटवर जोडाक्षरे न मोडता जसेच्या तसे दिसते. म्हणूनच ‘फाईल उघडत नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ती आपल्यापर्यंत पोहोचलेलीच नसते.

पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे तिच्या आकारावर अवलंबून असते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या परिश्रमाने १९२६ साली लखनौत संगीताचे महाविद्यालय सुरू झाले. त्यांच्या मराठी ग्रंथांची स्कॅन केलेली पाने मी हौसेने जमविली आहेत. अशा शेकडो पानांची फाईल ८० मेगाबाइटची धरली, तर ती ६४० मेगाबिट होते. सेकंदाला २ मेगाबिट एवढ्या मंद गतीने ती यावयास ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. शिवाय अशी पाने ही केवळ छायाचित्रे असतात. त्यांत ‘यमन’ हा शब्द शोधावयास सांगितला, तर यंत्राला तो सापडत नाही. फाईल बिघडली, असा त्याचा अर्थ नव्हे.

मग उपाय काय? पार्सल आधीच घरी आणून ठेवणे. अँड्रॉइड टॅब्लेटवर गूगल ड्राइव्ह उघडून फायलीच्या नावाशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवावे आणि ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ ही सूचना निवडावी. आयपॅडच्या ‘फाइल्स’मध्ये नावापाशी बाण असलेला छोटा ढग दिसला, तर फाईल अजून आलेली नाही असे समजावे, आणि त्यावर बोट ठेवून ती उतरवून घ्यावी. ‘मी ती काल उघडली होती’ या आधारावर मात्र राहू नये. काल आलेली प्रत तात्पुरती असू शकते आणि जागा कमी पडली की टॅब्लेट ती पुसून टाकतो.

खरी परीक्षा सोपी आहे. घरीच टॅब्लेटचा विमान मोड सुरू करावा, वायफाय बंद आहे ना ते पाहावे, आणि मग फाईल उघडावी. उघडली, तर ती आपली. न उघडली, तर आपल्यापाशी केवळ चिठ्ठी आहे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. काही फायलींना कुलूप असते. आधारची उतरवून घेतलेली पीडीएफ उघडताना नावातील पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्षाचे चार अंक द्यावे लागतात. दुसरे असे की, क्लाउडमधील फाईल वाचनाच्या दुसऱ्या अ‍ॅपकडे पाठविली, की पुष्कळदा तिची स्वतंत्र प्रत तयार होते. त्या प्रतीवर आपण खुणा केल्या, तरी क्लाउडमधील मूळ फाईल कोरीच राहते; म्हणून लिहिण्यापूर्वी आपण कोणत्या प्रतीवर आहोत, ते पाहून घ्यावे.

त्या प्रसंगानंतर दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्याच तळघरात गेलो. निघण्यापूर्वी न्याहारीच्या वेळी मी विमान मोड लावून अहवाल उघडून पाहिला होता. डॉक्टरांनी विचारताच तो त्यांच्यापुढे धरला, आणि मला मातोश्रींच्या शेजारून उठावे लागले नाही. औषधाचे प्रमाण लिहिलेला एक साधा कागदही आता त्यांच्या पिशवीत असतो. टॅब्लेटची बॅटरी केव्हा संपेल, याचा काय भरवसा!