थेंब येतो कुठून

घरच्या घरी होणाऱ्या दुरुस्त्यांवर अंक काढायचं संपादकांच्या मनात होतं. मिक्सर, सायकल, शिलाई मशीन यांवर लिहिणारे पुष्कळ मिळाले. ट्रकच्या डिफरेन्शियलचं सील घरी बदलणारं कोणी सापडतं का बघा, असं सांगून मला धाडलं ते करवीर तालुक्यातल्या एका मळ्यावर. तिथले आबा आपला छोटा सहाचाकी ट्रक स्वतः चालवतात, हंगामात गूळ आणि एरवी भाजीपाला ओढतात. इंजिन उतरवण्यासारखं मोठं काम निघालं तर ते गाडी बाहेर देतात, बाकी बहुतेक सगळं अंगणात.

मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, ते हाऊसिंग. इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून तिथवर येते, पिनियन हे छोटं दातेरी चाक फिरतं, ते क्राऊन या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं आणि ताकद आडवी वळून चाकांकडे जाते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगानं फिरू देणारी ही रचना, म्हणजे डिफरेन्शियल, ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीनं १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी केली. तिच्या इतिहासावर बरंच छापलेलं आहे. मला खिळवून ठेवलं ते पिनियनच्या तोंडाशी बसणाऱ्या रबरी कड्यानं.

नवं सील आबांनी माझ्या तळहातावर ठेवलं. बाहेरून पत्र्याचं कडं, आत रबराचा पातळ ओठ, आणि ओठाच्या पाठीवर गोल गुंडाळलेली बारीक स्प्रिंग. फिरत्या लोखंडाला हा ओठ टेकतो ती रेघ नव्या सीलमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढी रुंद. ताशी साठच्या वेगानं ट्रक पळतो तेव्हा पिनियन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतं. म्हणजे मिनिटामागे तीनशे मीटरहून जास्त लोखंड त्या ओठाखालून घासत जातं, आणि तरी तेल बाहेर येत नाही.

स्प्रिंगनं आवळलं म्हणून तेल अडतं, असं मी धरून चाललो होतो. खरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. ओठ आणि लोखंड यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ पदर असतो. तो नसता तर रबर केव्हाच जळालं असतं. ओठाचा उतार दोन्ही अंगांना सारखा नसतो. तेलाकडची बाजू उभी, हवेकडची लांबट. त्यामुळे शाफ्ट फिरू लागला की रबराच्या पृष्ठावरचे सूक्ष्म उंचवटे असे ताणले जातात, की बाहेर निसटू पाहणारं तेल पुन्हा आत ढकललं जातं. सील हा नुसता अडसर नाही, तो पंप आहे. म्हणूनच ते उलटं बसलं तर तेल बाहेर टाकतं.

असं सील पूर्वी चामड्याचं असे. जर्मनीतल्या फ्रॉइडेनबर्ग या कातडी कमावणाऱ्या घराण्यानं १९२९ च्या मंदीनंतर चामड्याची सीलं करायला घेतली आणि १९३६ मध्ये कृत्रिम रबराची आणली. आज साधं सील नायट्राइल रबराचं असतं. ते तेलाला दाद देत नाही, पण शंभर अंशांच्या पुढे फार काळ तापत राहिलं तर कडक होतं.

आबांनी हत्याराला हात लावण्याआधी बराच वेळ नुसता तपास केला. हाऊसिंग डिझेलनं धुतलं, चिंधीनं कोरडं केलं, वर टाल्कम पावडर फुंकली आणि गाडी गावाबाहेर फिरवून आणली. ‘‘थेंब खाली दिसतोय म्हणून तो तिथलाच असतोय असं न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘वाऱ्यानं मागं जातोय.’’ पावडर ओली झाली होती ती शाफ्टला पिनियनशी जोडणाऱ्या फ्लँजच्या मागेच. तेलाला गंधकाचा उग्र वास होता. दातांवरचा भयंकर दाब सोसावा म्हणून गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं घालतात, त्याचाच तो वास.

मग त्यांनी ब्रीदर काढला. हाऊसिंगच्या माथ्यावरची ही छोटी टोपी. आंबा घाटात तेल तापतं, आतली हवा फुगते, ती इथून बाहेर पडायची. टोपी चिखलानं गच्च भरली होती. कुकरची शिट्टी अडकावी तसं झालं होतं. दाबाला दुसरी वाट नाही म्हटल्यावर तो सीलचा ओठ उचलून तेल बाहेर काढत होता. या गाडीचं सील याआधीही एकदा बदललं गेलं होतं, गॅरेजात. तेव्हा ब्रीदरकडे कुणी पाहिलं नव्हतं. दोष न शोधता नवा भाग घालायचा, ही सवय मला फार चिंतेची वाटते. सील स्वस्त असतं म्हणून ती खपून जाते.

शाफ्ट सोडण्याआधी सगळ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लागले. हे घरी काम करणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं: शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये असली तरी मोकळी असते. माणूस खाली झोपलेला असताना ती घसरली तर काय होईल, ते सांगायला नको. शाफ्ट आणि फ्लँज यांच्यावर छिन्नीनं समोरासमोर खूण झाली, म्हणजे परत बसताना तोल बिघडायचा नाही. मग दोन्ही बाजूंचे बोल्ट काढून एक्सल बाहेर ओढले. अशा ट्रकचं वजन हाऊसिंगवर असतं, एक्सलवर नाही, त्यामुळे चाकं जमिनीवरच राहतात आणि पिनियन हातानं फिरतं.

इथून पुढे कामाचा वेग पार मंदावला, आणि मंदावायलाच हवा होता. फ्लँजला धरून ठेवणारा मधला मोठा नट दिसतो साधा, पण तो नुसती फ्लँज धरत नाही. पिनियनच्या दोन बेअरिंगांवर किती ताण राहणार, हे तोच ठरवतो. काही गाड्यांत बेअरिंगांच्या मध्ये चेपणारा स्पेसर असतो. तो एकदा जास्त चेपला की नट सैल करून उपयोग नाही, स्पेसर नवाच लागतो. काहींत न चेपणारी नळी आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. ताण जास्त झाला तर बेअरिंग जळतं. कमी राहिला तर पिनियन मागं-पुढं सरकतं, दातांचा मेळ सुटतो आणि गाडी घोंघावू लागते. लांब पाइप लावून ‘बसला घट्ट’ म्हणणाऱ्यांनी कितीतरी चांगली डिफरेन्शियलं मारली आहेत.

आबांनी फळं तोलायचा ताणकाटा आणला. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ती सावकाश, एका गतीनं ओढली आणि फिरत असतानाचा आकडा पुतण्याला वहीत लिहायला सांगितला. ‘‘दिवा हिकडं धर की लेका, आकडा मला बी दिसू दे.’’ नट आणि पिनियनच्या टोकावर खुणा झाल्या, किती आटे बाहेर आहेत ते मोजलं गेलं, मगच पाना लागला. फ्लँज पुलरनं निघाली. हातोडी कुणी उचलली नाही.

जुन्या सीलचा ओठ नखानं दाबला तर वळत नव्हता. त्याहून वाईट बातमी फ्लँजवर होती. ओठ जिथे टेकत होता तिथे लोखंडाला गोल चर पडली होती. मी नख फिरवलं तर ते अडकलं. मऊ रबरानं कठीण लोखंड झिजवलं ते एकट्यानं नाही. ओठाखाली अडकलेल्या धुळीनं ते काम केलं. अशा चरीवर नवं सीलही गळतं. पॉलिश पेपर मारावा तर तो गोलच फिरवायला हवा. उभ्या रेघा तेलाला वाट देतात आणि तिरक्या रेघांचं मळसूत्र होऊन शाफ्ट तेल बाहेर ओढतो. चरीवर पोलादाची पातळ बाही चढवता येते. ती न मिळाल्यानं आबांनी सील किंचित कमी खोल ठोकलं, म्हणजे ओठ चरीशेजारच्या कोऱ्या लोखंडावर टेकेल. ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाइपचा तुकडा, ओठाला आधी गिअर ऑइल.

नट खुणेपर्यंत आणून पुन्हा दोरी ओढली. आकडा पहिल्यापेक्षा जरासा जास्त आला. नवं सील थोडं जास्त आवळतं, तेवढा फरक चालतो. एक्सलना नवं पॅकिंग, ब्रीदर धुऊन जागेवर, तेल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. त्याच्या वर भरलं तर तेच तेल पुन्हा बाहेर यायला बघतं.

हे सारं जमलं, कारण फ्लँज हातात धरून वर-खाली हलवली तेव्हा पिनियन जागचं हललं नव्हतं. तिथे खुळखुळ लागली असती तर सील बदलणं वाया गेलं असतं. हलणाऱ्या पिनियनवर कुठलाच ओठ टिकत नाही. मग बेअरिंग बदला, क्राऊन-पिनियनमधली फट डायल गेजवर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजा, दातांना रंग लावून ठसा बघा. ते काम अंगणातलं नाही, आणि आबाही ते अंगणात करत नाहीत. हाऊसिंगमधला गोळा अख्खा उतरवून ते उद्यमनगरातल्या कारखान्यात घेऊन जातात.