लायनर फाटेपर्यंत थांबू नका!

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत मी कायम काठावर पास. चुका पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच सांगायचा आहे, कारण तो माझ्या मामाच्या गोठ्यातला आहे.

मामाचा गोठा संगमेश्वर तालुक्यात. कोकण कपिला ही आपली गावठी गाय दूध बेताचंच देते, तिची धार हातानेच काढतात. मामाने मात्र कर्ज काढून दहा जर्सी गाई आणि दूध काढायचं एक बकेट मशीन घेतलं. मे महिन्यात गेलो तेव्हा मामी गप्प गप्प होती. सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईला कासदाह झाला होता. औषधपाणी केलं, पण एक सड कायमचा गेला. डॉक्टरांनी मशीनकडे बघून विचारलं, "लायनर कधी बदललेत?"

मामा म्हणाला, "अजून फाटलेत कुठे?"

आपणही असंच म्हणतो, नाही का? चालतंय ना, मग चालू दे!

लायनर म्हणजे सडावर बसणारी रबराची नळी. तिच्याबाहेर स्टीलचा कप असतो. नळीच्या आत सतत व्हॅक्यूम असतो. कप आणि नळीमधल्या पोकळीत मात्र पल्सेटर एकदा व्हॅक्यूम आणि एकदा हवा सोडतो, मिनिटाला साधारण ६० वेळा. पोकळीत व्हॅक्यूम असताना नळी उघडी राहते आणि दूध येतं. हवा आली की नळी मिटते, सडाला हलका दाब मिळतो आणि साकळलेलं रक्त पुन्हा फिरू लागतं. वासरू दूध पिताना मधे मधे थांबतं, तसंच हे.

आता रबर जुनं झालं की काय होतं? दुधातली चरबी ते शोषून घेतं, गरम पाणी आणि धुण्याची पावडर त्याला खाते. ताण कमी होतो. नळी नीट मिटत नाही, सडाच्या टोकाला विश्रांती मिळत नाही आणि तिथली कातडी राठ होते. आतल्या बारीक भेगांत दूध साचतं, जंतू वाढतात आणि एका गाईचे दुसरीला जातात. मशीन मात्र टिक-टिक करत चालूच असतं!

म्हणून रबरी लायनरचं आयुष्य धारांवर मोजतात. सर्वसाधारण नियम २५०० धारांचा किंवा सहा महिन्यांचा, जे आधी येईल ते. (कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा. सिलिकॉनचे लायनर जास्त टिकतात.) मामाचा हिशोब बघा: १० गाई × दिवसाला २ वेळा = एका मशीनवर रोज २० धारा. २५०० ÷ २० = १२५ दिवस. म्हणजे चार महिने! मामाने ते दीड वर्ष वापरले, जवळजवळ ११ हजार धारा.

'रिप्लेसमेंट थिअरी' आपल्याला परीक्षेपुरती माहीत असते. हळूहळू झिजणारी वस्तू, उदाहरणार्थ व्हॅक्यूम पंप, कधी बदलायची? पुढच्या वर्षाचा देखभाल खर्च आजवरच्या सरासरी वार्षिक खर्चापेक्षा जास्त होईल तेव्हा. त्या सरासरीत खरेदीची किंमतही धरायची. स्वस्त पण एकसारखे भाग मात्र सगळे एकदम बदलायचे. चारही लायनर एकदम बदलायचे ते याचसाठी; नाहीतर चार सडांवर चार तऱ्हेचा ताण. पण पुस्तकातल्या गणितात मशीनचा खर्च मशीनवरच पडतो. इथे झीज रबराची आणि भुर्दंड गाईला!

मधल्या काळात अंगठ्याची परीक्षा करावी. मशीन चालू करून लायनरमध्ये अंगठा घालायचा. दाब नीट जाणवला नाही, आतून खरखरीत लागलं किंवा तोंड वाकडं दिसलं, तर तारखेची वाट बघू नये. अर्थात प्रत्येक कासदाह लायनरमुळेच होतो असं नाही. ओला गोठा आणि न धुतलेले हातही पुरतात. पण लायनर बदलणं आपल्या हातात आहे.

रत्नागिरीत पिशवीतलं कितीतरी दूध आंबा घाट उतरून येतं. इथे गोठा टिकवणाऱ्याला एक सड गमावणं परवडत नाही.

मामीने आता गोठ्यातल्या कॅलेंडरवर पुढची तारीख लाल पेनाने लिहून ठेवली आहे. मामा अजून म्हणतो, "फाटले नाहीत रे!" पण बदलतो.