मजकूरमाला व बाइटमाला

संगणकाच्या आज्ञावलीत माहिती धारण करण्याचे दोन प्रकार. लिपिचिन्हांच्या क्रमास मजकूरमाला व ० ते २५५ या मूल्यांच्या क्रमास बाइटमाला म्हणतात. बाइट म्हणजे आठ द्विमान अंकांचा गट होय.

ॲस्की या १९६३ मधील संकेतात १२८ चिन्हे असून त्यामुळे एक चिन्ह म्हणजे एक बाइट अशी समजूत रूढ झाली. देवनागरीस ती लागू पडत नाही. वाचकास तीन अक्षरांचा दिसणारा ‘मराठी’ हा शब्द युनिकोडमध्ये (१९९१) म, र, काना, ठ व दुसरी वेलांटी अशा पाच चिन्हांचा बनतो. केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजिलेल्या यूटीएफ-८ संकेतनात त्यांपैकी प्रत्येकास तीन, म्हणजे एकूण १५ बाइट लागतात. यांतील पहिले १० बाइटच ठेवल्यास ‘ठ’ मध्येच तुटतो व वाचता येत नाही.

म्हणून नावे, पत्ते इत्यादींचा शोध, तुलना व छाटणी यांसाठी मजकूरमाला योग्य ठरते. याउलट चित्रे, ध्वनिमुद्रणे व कूटबद्ध संदेश यांतील बाइट लिपिचिन्हे दर्शवीत नाहीत. ते मजकूर समजून वाचल्यास अवैध क्रमांच्या जागी पर्यायी चिन्ह घातले जाऊन मूळ माहिती कायमची नष्ट होऊ शकते; त्यांसाठी बाइटमालाच वापरतात. पायथन भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीत (२००८) हे दोन प्रकार पूर्णपणे वेगळे करण्यात आले. फाइल वाचताना वा लिहिताना, ज्ञात संकेतनानुसारच एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणे इष्ट असते.