पायांच्या मुंग्या आणि ताटातली पोळी

"डॉक्टर, पायांना सारख्या मुंग्या येतात. कापसावरून चालल्यासारखं वाटतं," अशी तक्रार घेऊन चाळिशीच्या एक शिक्षिका दवाखान्यात आल्या. साखर, थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन मात्र ८. मी लोहाच्या गोळ्या व बी-१२ ची इंजेक्शने दिली. वर्ष गेले. रक्त वाढेना, मुंग्या थांबेनात. "फार विचार करू नका," असेही मी सांगितले. त्याची आज खंत वाटते.

शेवटी त्यांना मज्जाविकार तज्ज्ञांकडे पाठविले. निदान झाले, सीलिअ‍ॅक डिसीज!

गहू आणि जव (सातू) यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. काही व्यक्तींची प्रतिकारशक्ती या प्रथिनामुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याचे अस्तर झिजते, लोह व जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. काहींमध्ये मज्जातंतू आणि तोल सांभाळणारा लहान मेंदूही सापडतो. इंग्लंडमधील शेफिल्डच्या डॉक्टरांनी १९९६ साली याकडे लक्ष वेधले. जुलाब, पोटदुखी असलीच पाहिजे असे नाही. या बाईंना पोटाची काहीच तक्रार नव्हती!

मुंग्यांची नेहमीची कारणे मधुमेह, बी-१२ ची कमतरता व दारू ही होत. ती आधी तपासावीत. कारण सापडत नसेल, सोबत न वाढणारे रक्त असेल किंवा तोल जात असेल, तर डॉक्टरांना टीटीजी या रक्ततपासणीबद्दल विचारावे. गरजेनुसार दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासतात. मात्र तपासणीआधी गहू बंद करू नका. तसे केल्यास आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते.

निदान पक्के झाल्यावर गहू जन्मभर वर्ज्य. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किटे बंद. बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. गव्हापाठोपाठ गिरणीत दळलेली ज्वारीही चालत नाही. घरघंटी किंवा वेगळे दळण हवे. आपले भाग्य असे की ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ हे आपलेच अन्न आहे.

बाईंचे हिमोग्लोबिन सहा महिन्यांत १२ वर आले. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत. मज्जातंतू सावकाश भरून येतात, कधी पुरते भरत नाहीत. म्हणूनच उशीर नको. माझे ते एक वर्ष वाया गेले; तुमचे जाऊ नये.