परगावी गेलेला फोन

मित्रांनो, आपण परगावी गेलो की तिथली म्हातारी माणसं पहिल्यांदा काय विचारतात? "बाळ, तू कोणाचा? कुठल्या गावचा?" मोबाईल फोनलासुद्धा परगावी हेच विचारतात. त्यालाच रोमिंग म्हणतात.

फोनच्या कामासाठी देशाचे विभाग पाडले आहेत. त्यांना सर्कल म्हणतात. मुंबई हे एक सर्कल. बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. आपले लोधिवली या दुसऱ्यात येते. गुजरातचे सर्कल वेगळे.

माझे बाबा ट्रक चालवतात. ते सुरतेला पोचले की त्यांचा फोन तिथल्या टॉवरला आपल्या सिमकार्डाची ओळख देतो. तिथले यंत्र इकडच्या यंत्राला विचारते, "हे कार्ड तुमचेच ना?" इकडून होकार आला की सुरतेच्या पाहुण्यांच्या यादीत त्याची नोंद होते. घरच्या यादीत "सध्या सुरतेला" असे लागते. मग आईने फोन लावला की ती यादी बघून तो सुरतेला पाठवला जातो. हे सारे काही सेकंदांत होते बरं का!

पूर्वी या पाहुणचाराचे पैसे पडत. समोरून आलेला फोन नुसता उचलला तरी पैसे कापले जात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने १ मे २०१५ पासून दर कमी केले. तरीही आलेल्या फोनला मिनिटाला ४५ पैशांपर्यंत पडत. आई सांगते, तेव्हा बाबा नुसता मिस्ड कॉल द्यायचे. एक घंटी वाजली की समजायचे, सुखरूप पोचले. २०१७ च्या सुमारास बहुतेक कंपन्यांनी देशातल्या रोमिंगचे पैसे बंद केले.

पैशांची काळजी मिटली, पण एक अडचण उरलीच. जुन्या बटणाच्या फोनला फक्त टू-जीची भाषा कळते. २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात टू-जी नाहीच. म्हणून ते कार्ड अशा फोनात घातले तर फोन मुका राहतो. उलट जिथे फक्त टू-जीची रेंज आहे, तिथे नव्या फोनवर बोलता येते, पण इंटरनेट गोगलगाईसारखे चालते. अशा ठिकाणाहून व्हॉट्सॲपची वाट बघत बसू नये. सरळ फोन करावा.

आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला लांब जातात. त्यांनी आणि आपण सर्वांनी एवढे करावे:

१) जाण्यापूर्वी आपला फोन आणि कार्ड एकमेकांना चालतात का, हे दुकानात विचारावे.

२) फोनमध्ये नेटवर्कची निवड "ऑटोमॅटिक" ठेवावी.

३) रेंज कमी असली की टॉवर शोधण्यात बॅटरी लवकर उतरते. निघताना फोन पूर्ण चार्ज करावा.

४) आपल्या कंपनीची रेंज नसेल, पण दुसऱ्या कंपनीची असेल, तर संकटात ११२ हा नंबर लावून बघावा. तो लागू शकतो.

५) घरचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा. पालकांनो, तुमच्या मुलांना तो पाठ आहे का, हे आज घरी गेल्यावर जरूर विचारा!