विषारी वनस्पती

ज्या वनस्पतींचा सर्व वा काही भाग खाल्ल्याने, त्वचेस अथवा डोळ्यास लागल्याने किंवा श्वासावाटे शरीरात गेल्याने माणसास वा जनावरास अपाय होतो, त्यांना विषारी वनस्पती म्हणतात. विष हे बहुधा वनस्पतीचे संरक्षणाचे साधन असते. चरणाऱ्या जनावरांपासून व कीटकांपासून तिला पळून जाता येत नाही; त्यामुळे अल्कलॉइडे, ग्लायकोसाइडे, विषारी प्रथिने, दाहक चीक किंवा सुईसारखे स्फटिक तिच्या ऊतकांत साठविलेले आढळतात. ज्या झाडाला गुरे तोंड लावीत नाहीत ते कुंपणास सोयीचे पडते. म्हणूनच मोगली एरंड, पिवळी कण्हेर, शेर यांसारख्या वनस्पती माणसाने स्वतःच बांधावर, अंगणात व रस्त्याच्या कडेला लावल्या आहेत. विषबाधेचा संभव त्यामुळे दूरच्या अरण्याइतकाच, किंबहुना अधिकच, परिचित परिसरात असतो.

पोटात गेल्याने होणारी बाधा : मोगली एरंडाच्या (लॅ. जट्रोफा कर्कस, कुल-यूफोर्बिएसी) बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. खेळताना मुले त्या वाटून खातात व काही तासांत अनेकांना एकदमच उलट्या, पोटदुखी व जुलाब सुरू होतात. शरीरातील पाणी कमी होणे हा यातील मुख्य धोका होय. पिवळी कण्हेर किंवा बिट्टी (लॅ. कॅस्काबेला थिवेटिया, कुल-ॲपोसायनेसी) अधिक घातक आहे. तिच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. नाडी मंद व अनियमित होऊन मृत्यू ओढवू शकतो. तांबड्या व पांढऱ्या कण्हेरीचेही विष याच प्रकारचे आहे.

गुंजेची (लॅ. एब्रस प्रिकॅटोरियस, कुल-फॅबेसी) बी अखंड गिळली गेल्यास कठीण कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते, ती चावली, कुटली वा भोक पाडलेली असल्यास ॲब्रिन हे अत्यंत विषारी प्रथिन मोकळे होते. धोतऱ्याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, मात्र त्या आकाराने मोठ्या असून तिखट नसतात. त्यांच्या सेवनाने तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते आणि रोगी भ्रमिष्टासारखा बरळू लागतो.

पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीचे (लॅ. ग्लोरिओजा सुपर्बा) ग्रंथिक्षोड (गाठाळ भूमिगत खोड) नांगराच्या फाळासारखे असते, लांगली हे तिचे संस्कृत नाव त्यावरूनच पडले. खाण्याजोगा कंद समजून ते खाल्ले गेल्याने विषबाधा होते. त्यातील कॉल्चिसिनाचा परिणाम पहिले काही तास जाणवत नाही; नंतर तीव्र उलट्या व जुलाब होतात आणि पुढे रक्तपेशी घटून अनेक इंद्रिये निकामी होऊ शकतात. त्यावर सर्वत्र उपलब्ध असा उतारा नाही.

स्पर्शाने होणारी बाधा : शेर व निवडुंग यांचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास डोळ्याच्या पारदर्शक पटलाला इजा होते. बिब्ब्याच्या आतील गोडंबी लोक आवडीने खातात. परंतु त्याच फळाच्या टरफलातील तेलाने त्वचेवर फोड येतात. खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगांवरील केस वाऱ्याने उडून अंगास लागतात व असह्य खाज सुटते. पुण्यात १९५५ च्या सुमारास लक्षात आलेले व पुढे देशभर पसरलेले गाजर गवत वारंवार संपर्कात आल्यास अनेकांना चिवट त्वचाशोथ जडतो.

ओळखीतील गफलती : पक्ष्यांनी खाल्लेले फळ माणसास निर्धोक असते, ही समजूत चुकीची आहे. काजऱ्याच्या नारिंगी फळांतील गर धनेश खातात, पण बियांतील स्ट्रिक्नीन माणसाचा प्राण घेते. चव हीदेखील कसोटी नव्हे, हे मोगली एरंडावरून दिसते. शिजविल्याने प्रत्येक विष नाहीसे होते असेही नाही. शेवळाची भाजी करताना तिची खाज मारण्यासाठी काकडाची आंबट फळे घालतात. असे ज्ञान त्या त्या वनस्पतीपुरतेच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने आलेले असते; ते दुसऱ्या वनस्पतीस लावता येत नाही.

खबरदारी : रानभाजी वा कंद जाणकाराने प्रत्यक्ष दाखविल्याशिवाय खाऊ नये, केवळ चित्रावरून ओळख पटवू नये. रानात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. अनोळखी फांद्यांचा चमचा, सळई वा दातवण करू नये. कण्हेर व बिब्बा यांची लाकडे जाळू नयेत, कारण त्यांचा धूरही अपायकारक असतो. शाळा व क्रीडांगणे यांच्या कुंपणास अशी झाडे लावू नयेत. मुलांना निदान चार-पाच विषारी बिया नावानिशी ओळखता याव्यात.

प्रथमोपचार : तोंडातील अवशेष काढून चूळ भरावयास लावावी. मिठाचे पाणी पाजून वा घशात बोटे घालून उलटी करवू नये. रोगी बेशुद्ध असल्यास त्यास कुशीवर निजवावे व तोंडाने काहीही देऊ नये. डोळा स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे धुवावा. त्वचा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. खाजकुइलीचे केस न चोळता चिकटपट्टीने उचलून घ्यावेत. लक्षणांची वाट न पाहता रोग्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. वनस्पतीचे पान, फळ वा उरलेली बी बरोबर न्यावी आणि किती वाजता, किती प्रमाणात खाल्ले ते सांगावे. योग्य उपचार पुष्कळदा या माहितीवर अवलंबून असतो.